घेताना सरकार, विकताना बाजार

सरकारकडून आपल्याला आणखी काय मिळायला हवे, या एका प्रश्नाभोवती माझे सगळे तरुणपण गेले. साठी ओलांडल्यावर मी वेगळाच प्रश्न विचारू लागलो आहे: सरकारच्या हातात मुळात काय असू नये?

तळवलीत राहून हे बोलणे अवघड आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आमच्या गावांत, मग ती घणसोली असो, गोठिवली असो की राबाडा, प्रत्येक घराचे सरकारकडे काही ना काही येणे आहे. कुणाचा भूखंड अडलाय, कुणाचे वाढीव मोबदल्याचे प्रकरण कोर्टात आहे, कुणाचे घर नियमित व्हायचे आहे. अशा ठिकाणी ‘सरकारने कमीत कमी गोष्टींत हात घालावा’ असे कुणी म्हणाला, की तो एक तर बिल्डरचा माणूस ठरतो, नाही तर त्याचे डोके फिरले म्हणतात. माझ्याबद्दल दोन्ही म्हणून झाले आहे.

मी आगरी घरातला. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात नोकरीला लागलो, तेही प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर. युनियनमध्ये गेलो, कमिटीवर गेलो. घरात शेतकरी कामगार पक्षाचे वातावरण होते, कारखान्याच्या गेटवर लाल बावटा. नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्धच्या मोर्चांत मी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. शरद जोशी हे शेतकऱ्यांचे नेते असून त्याच डंकेलचे स्वागत करतात, हे ऐकल्यावर आम्ही त्यांना परदेशी कंपन्यांचे वकील ठरवून मोकळे झालो. त्यांचे एक पानही वाचलेले नव्हते. त्या काळी वाचण्याआधी बाजू ठरायची, आणि बाजू ठरली की वाचायची गरज उरायची नाही.

जमिनीची गोष्ट सांगायची तर थोडे मागे जावे लागेल. कुळ कायद्याने 1 एप्रिल 1957 या दिवशी, ज्याला कृषक दिन म्हणतात, कसणारी कुळे मालक मानली गेली. माझ्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर चढले ते असे. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस, खाडीच्या बांधाआतली भातशेती त्याच्या नावावर झाली. पुढे रस्त्याकडेच्या पट्ट्यात औद्योगिक महामंडळ आले. मग फेब्रुवारी 1970मध्ये नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, संपादनाच्या अधिसूचना निघाल्या आणि मार्चमध्ये ते शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली. 344 चौरस किलोमीटर, 95 गावे. म्हणजे मालक होऊन आमच्या लोकांना पुरती तेरा वर्षेही झाली नव्हती.

संपादन झाले ते 1894च्या कायद्याने, इंग्रजांनी केलेल्या. त्याची रीत नीट समजून घेतली तर बाकीचे बरेच समजते. भाव धरायचा तो अधिसूचनेच्या दिवसाचा. तो कसा ठरवायचा? आसपासची नोंदणी झालेली खरेदीखते बघून. आता भातशेतीच्या गावात जमीन विकतो कोण? अगदी अडलेला. आणि खतावर लिहिला जाणारा आकडा मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी आणखी खाली आणलेला. म्हणजे अडलेल्या माणसाने कमी दाखवलेला भाव हा सगळ्या गावाचा भाव. शिवाय अधिसूचना निघाली की भाव त्या तारखेला थिजतो, निवाडा मात्र केव्हाही होऊ शकतो. 1984मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली गेली, तेव्हा कुठे नवी मुंबईच्या कितीतरी गावांचे निवाडे 1986मध्ये धडाधड उरकले गेले. शहर उभे राहताना डोळ्यांनी दिसत होते, आणि पायाचा भाव 1970चा. वर व्याज आणि दिलासा रक्कम मिळाली, हे खरे. पण पाया तोच.

दाद मागायची म्हटले तर घटनेतली जागाही आक्रसत चालली होती. 1971च्या पंचविसाव्या दुरुस्तीने संपादनापोटी दिलेली रक्कम पुरेशी आहे का, हे तपासणे न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेले. 1978च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतूनच काढला. त्या काळात युनियनच्या अभ्यासवर्गात आम्हाला हे पुरोगामी पाऊल म्हणून शिकवले. मालमत्ता म्हणजे टाटा-बिर्लांची, हे आमच्या डोक्यात पक्के होते. आजोबांचे चार तुकडे ही सुद्धा मालमत्ता आहे आणि त्या हक्काची गरज टाटा-बिर्लांपेक्षा त्यांना जास्त आहे, हे त्या वर्गात कुणी म्हणाले नाही. मीही नाही.

जानेवारी 1984मध्ये उरण तालुक्यात वाढीव मोबदल्यासाठी जासईचे आंदोलन झाले. दि. बा. पाटील नेते. गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्यांच्या बळीतूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. शासन निर्णय निघाला 1990मध्ये, 1994मध्ये तो सुधारला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा, हातात येतात पावणेनऊ. पाटीलसाहेबांबद्दल माझ्या मनात आजही तेवढाच आदर आहे. सरकार मागितलेला भाव द्यायला तयार नव्हते, तिथे त्यांनी सरकारला जमीन परत द्यायला लावली. देशात तसे उदाहरण त्याआधी मला तरी माहीत नाही. पण आमच्या पिढीने त्या विजयातून जो धडा घेतला, तो मला आता खटकतो. आम्ही शिकलो की रेटा लावला की सरकार देते. मग पुढची सगळी वर्षे रेटा लावण्यात गेली.

माझ्या मनात पहिली फट पडली ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातींमुळे. सिडकोच्या भूखंडविक्रीच्या निविदा छापून येतात: अमुक सेक्टर, अमुक क्षेत्र, पायाभूत दर इतका, सर्वाधिक बोली लावणाऱ्याला भूखंड. युनियनच्या ऑफिसात चहा पिताना अशी एखादी निविदा वाचून आम्ही बिल्डरांना शिव्या घालायचो. एकदा शिव्या घालता घालता मनात आले, की इथे भाव बोलीने ठरतो आहे. घेणारे पाच-दहा, देणारा एक, जो जास्त देईल त्याचा. हा तर खुला बाजार झाला. मग आमच्याकडून घेताना बोली का नव्हती? तेव्हा म्हणे बाजार नफेखोर असतो, म्हणून भाव सरकारने ठरवायचा. तीच जमीन विकताना बाजारासारखा न्यायी कुणी नाही. घेताना सरकार, विकताना बाजार. बिल्डर या साखळीच्या शेवटच्या कडीला उभा होता आणि आम्ही सगळे दगड त्यालाच मारत होतो.

दुसरी गोष्ट साडेबाराच्या फायलींची. आमच्याकडे हा शब्द लहान पोरालाही कळतो. पात्रता, वारसदाखले, मोजणी, सोडत, इरादापत्र, करारनामा. यातल्या प्रत्येक पायरीवर फाईल थांबू शकते. कितीतरी कुटुंबांची ती वर्षानुवर्षे थांबली. मग कुणी तरी येतो, म्हणतो, फाईल मला द्या, पैसे घ्या. आमच्या भावकीतल्या एकांनी मुलीच्या लग्नासाठी अशी फाईल दिली. प्लॉट पडल्यावर त्याची काय किंमत झाली ते सांगत नाही, त्यांना अजून झोंबते. त्या वेळी मी ‘गरिबाला लुटला’ म्हणून बोंब मारली होती. पण नंतर शांतपणे बघितले तर त्या व्यवहारात एक हिशेब होता: फाईल जितक्या सह्यांनी मागे, तितका तिचा भाव कमी. घेणाऱ्याकडे सह्या मिळवायची ताकद होती, विकणाऱ्याकडे नव्हती, आणि फाईलच्या आणि प्लॉटच्या भावांमधला फरक हा त्या ताकदीचा भाव होता. बाजाराने तो उशीर निर्माण केला नव्हता. उशिराला भाव तेवढा लावला. दलाल घालवायचा असेल तर सह्या कमी करा, इतके साधे ते आहे. आम्ही मात्र दरवेळी आणखी एक समिती, आणखी एक देखरेख, म्हणजे आणखी एक सही मागत राहिलो.

आणि प्लॉट हाती आला तरी मालकी येत नाही. तो साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. आजोबा कुळाचे मालक झाले, आम्ही मालकाचे भाडेकरू झालो. पुढे विकायचा तर ना हरकत प्रमाणपत्र, हस्तांतरण शुल्क, सगळे आलेच.

एवढे झाल्यावर मी शरद जोशी वाचायला घेतले. वय पन्नाशीकडे झुकले होते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला, जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती घेऊन बसला आणि त्याला कळले, की शेतकरी गरीब आहे तो आळशी किंवा अडाणी म्हणून नाही. त्याच्या मालाचा भाव पाडणे हेच सरकारचे धोरण आहे: निर्यातबंदी, लेव्ही, जिल्हाबंदी, कापसाची एकाधिकार खरेदी. त्यांची मागणी अनुदानाची नव्हतीच. आमच्या खिशातला हात काढा, एवढीच होती. मी कांदा पिकवत नाही, पण डिसेंबर 2023मध्ये कांद्याची निर्यात पुन्हा बंद झाली तेव्हा ते वाचलेले आठवले. कांद्याच्या आणि आमच्या जमिनीच्या गोष्टीत फरक एवढाच, की कांदा पुढच्या हंगामात पुन्हा येतो.

त्यांच्यामुळे आणखी नावे कळली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, 1955मध्ये, अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्याने विरोधी टिपण लिहिणारे बी. आर. शेणॉय. मुंबईत 1956मध्ये मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणारा फोरम काढणारे ए. डी. श्रॉफ. काँग्रेसने 1959च्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव केला, त्याला विरोध म्हणून राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. आमच्या अभ्यासवर्गात ही मंडळी भांडवलदारांचे भाट म्हणून एका वाक्यात निकालात निघायची. त्या ठरावात शेतकऱ्याच्या जमिनीचा प्रश्न होता आणि त्या पक्षाने लहान शेतकऱ्याची बाजू घेतली होती, हे मला इतक्या उशिरा कळावे, याची थोडी चीड येते.

इथे कुणीही विचारेल, आणि माझा मुलगा विचारतोच: बाबा, सरकारने जमीन घेतली नसती तर शहर झाले असते का? लोकल आली असती का? प्रश्न बरोबर आहे. 1970 साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल यांच्यासारख्या नियोजकांची कल्पनाच ती होती, की जमीन हेच भांडवल; स्वस्तात घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशातून शहर बांधायचे. 1992ला मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली, 2004ला ठाणे-वाशी. या रेल्वेमार्गांचा दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला. घणसोली स्टेशनवर मी रोज चढलो-उतरलो आहे, त्या फलाटाला नावे ठेवणार नाही. पण तो पैसा आला कुठून? घेतलेल्या आणि विकलेल्या भावातल्या फरकातून. म्हणजे लाखो लोकांच्या लोकलचा कर 95 गावांनी भरला. सगळ्या मुंबईवर तेवढा कर बसवायचा म्हटला असता, तर विधानसभेत चर्चा झाली असती, मोर्चे निघाले असते, वाटाघाटी झाल्या असत्या. भातशेतीवर तो बसवायला एक अधिसूचना पुरली.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. पुण्यात हडपसरला मगरपट्टा आहे. सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे समभाग, आणि स्वतःच शहर बांधले. मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. तिथल्या एका बांधकाम साहित्याच्या दुकानाचा मालक मूळचा त्याच शेतातला निघाला. आमच्याकडे तशा वयाचा माणूस सिक्युरिटीत उभा असतो. मगरपट्ट्याला एकाच भावकीची वीण होती, मोठे क्षेत्र सलग होते. ते सगळीकडे जमेल असे मी म्हणत नाही. पण नगर रचना योजनेचा कायदा मुंबई इलाख्यात 1915पासून आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या, उरलेली जमीन नव्या आकारात मूळ मालकांना वाटून द्यायची. मुंबईची काही उपनगरे अशी वसली, अहमदाबाद तर अजून याच पद्धतीने वाढते आहे. आणि गंमत अशी, की विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रात खुद्द सिडको आता हीच पद्धत वापरते, चाळीस टक्के जमीन मालकाला परत देऊन. तिथल्या शेतकऱ्यांचा त्यालाही विरोध आहे, त्यांची कारणे त्यांच्यापाशी. पण पावणेनऊ ते चाळीस हा प्रवास झाला कसा? माझ्याआधी सरकारने मत बदलले, फक्त त्याला मनोगत लिहावे लागत नाही.

आता जे माझ्या अंगाशी येते ते सांगतो. आमच्या गावात गरजेपोटी बांधलेली घरे आहेत. गावठाणाची हद्द वाढत्या कुटुंबांबरोबर वाढली नाही, परवानगी मिळण्याची सोय नव्हती, लोकांनी बांधले. आधी राहायला बांधले, मग भाड्याने द्यायला, मग चार-पाच मजले. माझ्याही खोल्या आहेत. त्यांच्या भाड्यावर माझे निवृत्तीचे दिवस चालतात, हे लपवून बाजाराची थोरवी गाणे बरे दिसणार नाही. युनियनमध्ये असताना मी या बांधकामांना बेशिस्त म्हणायचो, सरकारने कडक व्हावे म्हणायचो. आज मला वेगळे दिसते. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला हेल्पर, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी मुलगी, उत्तर प्रदेशातून आलेला सुतार, यांना या शहरात परवडणारी खोली नियोजित सेक्टरांनी दिली नाही, आमच्या गल्ल्यांनी दिली. कुणी आराखडा काढला नव्हता. मागणी होती, जागा होती, लोकांनी पैसे घातले.

पण माझ्याच गल्लीत अग्निशमनाची गाडी वळत नाही. दोन इमारतींच्या खिडक्यांतून हात बाहेर काढला तर मिळवता येतो. पावसाळ्यात गटार कुठून कुठे जाते ते कुणालाच सांगता येत नाही. हे बाजाराने केले नाही आणि करणारही नव्हता. प्रत्येकाने आपल्या भिंतीपर्यंत बांधले, दोन भिंतींमधली जागा कुणाचीच नव्हती. तिथे सरकार हवे होते. सरकार कमी हवे म्हणताना माझ्या मनात ही गल्ली असते: रस्त्याची रुंदी आखा, ती मोडणाऱ्याला पहिल्या दिवशी अडवा, गटार बांधा, आणि बाकी कोण किती मजल्यांचे घर किती भाड्याने देतो यात पडू नका. आमच्याकडे उलटे झाले. एकेका गुंठ्याची मालकी सरकारने स्वतःकडे घेतली आणि बारा फुटांचा रस्ता राखला नाही.

मत बदलले, तरी ते सगळे बदललेले नाही. तीन गोष्टी अजून गळ्यात अडकतात. आजोबांना जमीन मिळाली ती सरकारी कायद्याने. जमीनदाराच्या दृष्टीने तेही संपादनच होते, आणि भाव तेव्हाही सरकारनेच ठरवला. मुक्त बाजाराची पुस्तके सातबारा स्वच्छ आहे असे गृहीत धरून सुरू होतात. आमचा तसा नव्हता. तो आधी स्वच्छ करणे हे सरकारचे काम होते असे मी स्वतःला सांगतो. ते पूर्ण पटते असे नाही.

दुसरे, खाडीचा बांध. तो बाजाराने बांधला नव्हता आणि सरकारनेही नाही. भरतीला बांध फुटला की ज्याचे शेत आहे तो आणि ज्याचे नाही तोही चिखलात उतरायचा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच, लोकांनी मिळून सांभाळलेल्या गोष्टींच्या अभ्यासाला, हे कळले तेव्हा आमच्या आज्यांना ते आधीच ठाऊक होते असे वाटून हसू आले.

तिसरे, माथाडी. घणसोलीच्या सिम्प्लेक्स वसाहतीत माझे अनेक मित्र आहेत. 2016मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा झाला, तेव्हा माथाडी जिथे हमाली करतात त्या वाशीच्या मार्केटमध्ये बंद पुकारला गेला. शेतकऱ्याने माल कुठेही विकावा, हे मला आता शंभर टक्के पटते. पण अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969चा माथाडी कायदा आला नसता, तर पाठीवर शंभर किलोची गोणी वाहणाऱ्याला भविष्य निर्वाह निधी कुणी दिला असता? मित्राच्या घरी जेवायला बसल्यावर मी हा विषय काढत नाही.

मागच्या पावसाळ्यात गावातल्या बैठकीत घरे नियमित करण्याची चर्चा होती. नेहमीप्रमाणे मागण्यांची यादी तयार होत होती: शुल्क माफ करा, मुदत वाढवा, पॅकेज द्या. मी उठून म्हणालो, हे सगळे सोडा, एकच मागा. घराखालची जमीन आमच्या नावावर, कायमच्या मालकीने, भाडेपट्टा नको. पुढे विकायची, ठेवायची, गहाण टाकायची, ते आमचे आम्ही बघू. थोडा वेळ शांतता झाली. मग पुतण्याने मागून विचारले, “काका, ते ठीक आहे. पण सरकार एवढे नको झाले असेल, तर साडेबाराचा प्लॉट परत करताय का तुम्ही?”

लोक हसले. मी म्हणालो, नाही करत. आमच्याकडून घेतले त्याच्या पावणेनऊ टक्के ते आहे, ते परत करायला मी बावळट नाही. पण तुझ्या मुलासाठी मला दाखला नको, आरक्षित नोकरी नको, आणि तो मोठा होईल तेव्हा त्याची जमीन घ्यायला कुणी आले तर भाव त्यानेच सांगितला पाहिजे. पुतण्या म्हणाला, दाखला मात्र राहू द्या काका. यादीत माझी मागणी सातव्या क्रमांकावर लिहिली गेली, शुल्कमाफीच्या खाली.